उन्हाळी सुट्टी, कुदळीसकट

मे महिन्यात धाडमधून बाहेर पडायला कारण लागतं. लग्न, दवाखाना, कोर्ट किंवा सासुरवाडी, यांपैकी एक सांगितलं की बसस्टँडवर कोणी पुढे विचारत नाही. "माती खणायला चाललो" असं सांगणारा पोरगा मात्र अडकतो. कुठं? सोमनाथला. गुजरातेतल्या? नाही, चंद्रपूरकडच्या. मजुरी किती देतात? देत नाहीत, आपलं भाडं आपणच खर्चायचं. यावर म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघतात आणि पोराच्या डोक्यावर ऊन चढलं की पोरगा कॉलेजात शिकून बिघडला, याची चर्चा बस येईपर्यंत पुरते.

घरी बापाचा प्रश्न याहून सरळ असतो. "अन् इथली धसकटं कोण वेचणार?"

प्रश्न बिनतोड आहे. धाड हे बुलडाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, बुलडाणा तालुक्याच्या टोकाचं गाव. जरा पुढे गेलं की जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका लागतो, आणि त्या तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार साऱ्या पट्ट्याला ठाऊक आहे. या भागात उन्हाळा म्हणजे सुट्टी हे फक्त शाळेच्या दाखल्यावर खरं असतं. शेणखताचा ढीग वावरात पसरायचा असतो, गेल्या साली कपाशी होती तिथली धसकटं वेचून बांधावर टाकायची असतात, उन्हाळी मिरचीसाठी वाफे ओढून, ठिबकच्या नळ्या पसरून, वर मल्चिंगचा कागद अंथरायचा असतो. हा कागद दुपारच्या वाऱ्यात धरून ठेवणं हे चार माणसांचं काम आहे, आणि त्यातला चौथा माणूस सोमनाथला चाललेला असतो.

हा चौथा माणूस म्हणजे कोणी एक नव्हे. दरवर्षी महाराष्ट्रातल्या असंख्य गावांतून असा एखादा पोरगा किंवा पोरगी पिशवी भरते आणि सुट्टीत कष्ट करायला निघते. घरी हेच कष्ट डोळ्यांसमोर पडलेले असतात आणि त्यांच्याकडे बघवत नाही. तीच कुदळ परमुलखात दिसली की हातात घ्यावीशी वाटते. असं का होतं, याचं उत्तर बापाकडे तयार आहे ("रिकामे धंदे"), पण ते अपुरं आहे.

सोमनाथ हे चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यात. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांना कसायला जमीन हवी म्हणून बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये तिथं प्रकल्प उभारला, आणि तिथंच श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. तारखा ठरलेल्या : १५ ते २२ मे. आता मे महिन्याचा मध्य आणि चंद्रपूर जिल्हा ही जोडी कोणी जाणूनबुजून जमवली असेल, तर त्या माणसाला तरुणांची खरी पारख होती. त्या दिवसांत तिथला पारा पंचेचाळिशीच्या पुढे सहज जातो. उलट बुलडाणा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलेलं, विदर्भातलं त्यातल्या त्यात गार गाव. म्हणजे धाडचा पोरगा विदर्भाच्या पश्चिम टोकाकडची बरी हवा सोडून, पदरचं भाडं खर्चून, पूर्व टोकाच्या भट्टीत जातो. लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात तेव्हा नेमकी याच्या उलट दिशा असते, एवढंच.

प्रवासातच अर्धी छावणी होऊन जाते. धाडहून बुलडाणा, तिथून घाट उतरून मलकापूर, मलकापूरला रेल्वे. अकोला, बडनेरा, वर्धा अशी जिल्ह्यांची उजळणी करत गाडी पुढे जाते. वर्ध्यापाशी दक्षिणेची लाइन धरली की वरोरा लागतं. आनंदवन तिथलंच. १९५१ मध्ये बाबा आमटे सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये घेऊन तिथल्या खडकाळ रानात राहायला आले, ही गोष्ट डब्यातला कोणीतरी सांगतोच. ती ऐकताना आपल्या पिशवीत दोन पॉवरबँक, तीन प्रकारचे वेफर्स आणि आईने दिलेला धपाट्यांचा डबा आहे, याची पोराला जरा लाज वाटते. लाज बडनेऱ्याच्या आत वाटली असती तर धपाटे उरले असते.

छावणीत पहिला धक्का बसतो तो घड्याळाचा. अंधार असतानाच उठायचं. घरी आई साडेआठला तिसऱ्यांदा हाक मारते तेव्हा कूस बदलणारा हा गडी इथं शिट्टीच्या पहिल्या फुंकीला उभा राहतो. याला शिस्त म्हणायचं की शेजारच्या गादीवरच्या नागपूरकराच्या घोरण्यातून सुटका, हे ज्याचं त्याने ठरवावं. मग गाणी, आणि ऊन तापायच्या आत श्रमदान. बांध घालायचा, चर खणायचे, तळ्यातला गाळ काढायचा, जे काम त्या वर्षी काढलेलं असेल ते.

कुदळ हातात आली की माणूस उघडा पडतो. शहरातून आलेला गडी पहिल्या दहा मिनिटांत जमिनीशी जुनं वैर असल्यासारखा तुटून पडतो. त्याने हातमोजे आणलेले असतात, टोपी आणलेली असते, तोंडाला पांढरं मलम फासलेलं असतं. अकराव्या मिनिटाला तो पाणी पितो आणि पंधराव्याला तळहाताकडे बघतो. फोड आलेला असतो. हा फोड नंतर दिवसभर सर्वांना दाखवण्यात येतो. मोबाइलमध्येही त्याचे दोन कोनांतून फोटो निघतात. दुसरा एक जण खणत नाही, पण कसं खणावं हे त्याला फार चांगलं कळतं. "इकडून घ्या, इकडून" असं म्हणत तो चराच्या काठाने फिरतो. असा माणूस प्रत्येक छावणीत एक असतोच आणि पुढे तो हमखास कोणत्या तरी संस्थेचा समन्वयक होतो.

धाडच्या पोराचं काय? तो घाई करत नाही. कुदळ उचलायची ती आपल्या जोराने, पण पडू द्यायची तिच्या वजनाने, हे त्याला न शिकवता येतं. दर थोड्या वेळाने दांड्यावर हनुवटी टेकून तो क्षितिजाकडे बघतो. पुण्याच्या मुलीला वाटतं, हा विचारात पडलाय. तो फक्त दम खातोय. पण ती विचारते, "तुम्ही शेतकरी का?" आणि आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नाचं उत्तर तो छाती काढून देतो. बायोडेटात 'शेती' हा शब्द सगळ्यात खाली, बारीक अक्षरात लिहिणारा हा माणूस छावणीत दोन तासांत शेतीतज्ज्ञ होतो. मुरूम आणि चिकण माती यांतला फरक, कुदळ कुठं आणि टिकाव कुठं चालवायचा, घमेलं कंबरेत न वाकता कसं उचलायचं, सगळं तो सांगतो. हेच सारं त्याच्या बापाने त्याला सांगितलं होतं तेव्हा त्याने कानात इयरफोन घातलेले होते.

घमेल्यांची साखळी हा छावणीतला खरा फुरसतीचा कारखाना. एका रांगेत उभं राहायचं, डावीकडून आलेलं घमेलं उजवीकडे द्यायचं. हात कामात, तोंड मोकळं. त्या रांगेत सांगलीचा ऊस आणि विदर्भाचा कापूस यांची भांडणं होतात, एमपीएससीची जागा कधी निघणार यावर अंदाज बांधले जातात, "तुमच्याकडे भाकरीला काय म्हणतात" पासून "तुमच्याकडे हुंडा किती" पर्यंत सगळे विषय पुढे सरकत जातात. रांगेत आपल्या डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण याची काही जण दुसऱ्या दिवशी फार काळजीपूर्वक आखणी करतात. अशा रांगांतून पुढे लग्नपत्रिकाही निघालेल्या आहेत. बाबांनी श्रमाला प्रतिष्ठा द्यायचं ठरवलं तेव्हा हा जोडधंदा त्यांच्या हिशोबात होता की नाही, कोण जाणे.

न्याहारीनंतर पाहुण्यांची भाषणं. इथं एक वैज्ञानिक सत्य प्रत्येक वर्षी नव्याने सिद्ध होतं : पहाटे उठलेला, दोन-तीन तास माती वाहिलेला आणि भरपेट पोहे खाल्लेला तरुण मांडवात बसला की देशाच्या प्रश्नांवर होकारार्थी मान हलवू लागतो. मान जरा जास्तच खाली गेली की शेजारचा कोपर मारतो. वक्त्याला वाटतं, सभा भारावली. दुपारी गटचर्चा असते, तिथं मात्र तीच मंडळी ताजीतवानी होऊन सकाळच्या न ऐकलेल्या भाषणावर कडाडून मतभेद नोंदवतात.

आणि ताट. जेवल्यावर आपलं ताट आपण धुवायचं, हा नियम. धाडच्या पोराने घरी हात धुवायलाही ताटाबाहेर कधी पाणी शोधलं नव्हतं. इथं तो राखेने ताट घासतो, उन्हात धरून चमक बघतो, पुन्हा घासतो आणि त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. थोरली बहीण लगेच उत्तर देते : "हाच हात आहे ना? येताना सोबत आण."

बाबा आमट्यांकडे असल्या नियमांचा अधिकार होता, कारण त्यांनी आधी स्वतःवर प्रयोग केले होते. जमीनदाराचा मुलगा, शिकलेला वकील. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांचं मैला वाहण्याचं काम स्वतः केलं. पुढे पाठीच्या मणक्याने असा दगा दिला की त्यांना बसता येईना, उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. १९८५ च्या डिसेंबरात ते तशाच अवस्थेत तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले. बसता न येणारा म्हातारा देश ओलांडतो आणि आपण बसून-बसून कंटाळलो, एवढी एक तुलना छावणीतल्या पोरांच्या मनात उठली तरी त्या दिवसाची कुदळ जरा जोरात पडते. घरचे धबडगे कोणी सांभाळले, हे वाचायचं असेल तर साधनाताई आमट्यांचं 'समिधा' आहे.

सुट्टी काढून फुकट राबण्याची ही कल्पना जगाला नवी नाही. पिअर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरने पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये फ्रान्समधल्या वेर्दूंजवळ एका उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांची माणसं जमवली आणि घरं बांधायला घेतली. त्यात जर्मनही होते. स्थानिकांना ते रुचलं नाही आणि काम अर्ध्यावर थांबलं. म्हणजे स्वयंसेवकांना "तुम्हाला कोणी बोलावलं?" असं विचारण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये घरं बांधायला आले. त्यांच्या 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संघटनेचे देशोदेशीचे तरुण १९५० च्या दशकात आनंदवनातही राबून गेले. त्याआधी वरोऱ्याची माणसं आनंदवनातली भाजी विकत घ्यायला कचरत. परदेशी पोरं-पोरी तीच भाजी रोज खाताहेत आणि ठणठणीत आहेत हे पाहून लोकांची भीड चेपली, असं आनंदवनात सांगतात. आपल्याकडे प्रमाणपत्र परदेशातून आलं की मेथीसुद्धा पवित्र होते.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा एक पाहुणा आठवायला हवा. लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार जून १९४२ मध्ये गांधीजींच्या आश्रमात आठवडाभर राहिला. वर्ध्याचा जून, पंखा नाही, कुलर हा शब्द जन्मायचा होता. या गृहस्थाने टबात पाणी भरलं, त्यात लाकडी खोकं ठेवलं, खोक्यावर स्वतः बसला आणि समोर टाइपरायटर मांडून काम केलं. त्याच आठवड्याच्या नोंदींतून त्याचं 'अ वीक विथ गांधी' हे पुस्तक झालं. विदर्भाच्या उन्हाळ्यावर इतका नामी तोडगा नंतर कोणी काढलेला नाही, आणि सोमनाथच्या नियमावलीत टब का नाही, असा ठराव एखाद्या गटचर्चेत यायला हरकत नाही.

धाडच्या पोराला इतक्या लांब जायची गरज होती का? जिल्ह्यातच २०१८ मध्ये एक मोठी छावणी भरली होती, फक्त तिला छावणी कोणी म्हटलं नाही. पानी फाउंडेशनच्या 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धेचं ते तिसरं वर्ष. राज्यातले ७५ तालुके उतरले होते आणि त्यात शेजारचा मोताळा तालुका होता. ८ एप्रिल ते २२ मे, असे ४५ दिवस. गावं पहाटे आणि रात्री बॅटरीच्या उजेडात डोंगरउतारावर सलग समतल चर खणत होती. मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने राज्यात दुसरा क्रमांक साताऱ्याच्या भांडवली गावासोबत विभागून मिळवला. १ मे रोजी महाश्रमदान होतं आणि त्यासाठी शहरांतून 'जलमित्र' आले. कोऱ्या टी-शर्टांत आले, उत्साहात खणलं, आणि दुपारी गावच्या बायकांनी केलेल्या पिठलं-भाकरीवर असे तुटून पडले की श्रमदान नेमकं कोणी केलं याचा हिशोब चुलीपाशीच मांडावा लागला असता.

गावच्या एखाद्या आजीला या पाहुण्यांचं फार कौतुक. तिने जन्मभर रोजगार हमीवर खडी फोडलेली, माती वाहिलेली असते. तिच्यासाठी काम तेच, घमेलं तेच. फरक एवढाच की या खेपेला डोक्यावरचं घमेलं उतरवायला बँकेतला साहेब पुढे आला आणि "मावशी, द्या इकडे" म्हणाला. तिने दिलं नाही. "सांडशील," ती म्हणाली.

त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेच्या 'सुजलाम् सुफलाम्' कार्यक्रमात बुलडाणा जिल्ह्यात शंभराहून अधिक जेसीबी आणि पोकलेन लावून तलावांतला गाळ काढायला सुरुवात झाली. शेतकऱ्यांनी तो गाळ ट्रॅक्टरने वावरात नेला. आता इथं एक गोष्ट मान्य करावी लागते. पन्नास तरुणांनी गाणी म्हणत आठवडाभर जेवढं खणावं तेवढं जेसीबी एका सकाळी खणतो, आणि त्याला पोहे लागत नाहीत. हिशोबी माणूस विचारेल, मग पोरांना उन्हात कशाला घालता? पण जेसीबीभोवतीही माणसं जमतातच. २०१९ च्या मे महिन्यात तर 'जेसीबी की खुदाई' हा देशभर चेष्टेचा विषय झाला होता, आणि ती चेष्टा चालली कारण प्रत्येक गावात ते दृश्य खरं होतं. उन्हाळ्यात मोकळ्या पोरांना खणणं हवं असतं. स्वतः खणायला मिळालं तर उत्तम, नाहीतर दुसऱ्याचं खणणं बघत उभं राहायचं. सोमनाथला पहिली सोय होते, गावात दुसरी.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचं गणित आणखी वेगळं. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. सात दिवसांचं निवासी शिबिर, एक दत्तक गाव, आणि दोन वर्षांत २४० तास. तास मोजले की श्रमाचं अंकगणित होतं, आणि विद्यार्थी अंकगणितात हुशार असतो. वाढीव गुण, प्रमाणपत्र आणि मुलाखतीत सांगायला एक वाक्य, एवढ्यासाठी तो रस्ता झाडतो. गाव दत्तक घेतल्याचा फलक मात्र गावाला वर्षभर पुरतो. तरीही एखादा झाडूवाला त्यातूनच निघतो आणि पुढच्या मे महिन्यात, गुणांची सोय नसताना, सोमनाथची तारीख विचारतो. धाडचा पोरगा बहुधा त्याच वाटेने गेलेला असतो.

गेल्यावर त्याला काय सापडतं, तर बाप नसलेली कुदळ. घरच्या कामात चूक काढणारा माणूस ठरलेला असतो आणि शाबासकी देणारा कोणीच नसतो. इथं फक्त घमेलं उचललं तरी दहा जण टाळ्या वाजवतात. घरी धसकटं वेचून झाली की उद्या शेणखत असतं, परवा मल्चिंग, काम कधी संपत नाही. इथं आठव्या दिवशी समारोप असतो, सगळे गळ्यात पडतात, काही जण रडतात, आणि बांध पूर्ण झाला की नाही याची चौकशी कोणी करत नाही. बरं, घरी मिरचीच्या वाफ्यात शेजारी कोण, तर चुलतभाऊ. त्याच्याशी काय बोलणार? तो बांधावरून आधीच रुसलेला.

परत आल्यावरचे पहिले चार दिवस घरच्यांनी जपून काढायचे असतात. पोरगा पहाटे उठतो, अंगण झाडतो, आईला पाणी देतो आणि सगळ्यांना 'आपण' म्हणतो. आजी देवाला नारळ बोलते. जेवल्यावर तो आपलं ताट धुतो, हे बघायला शेजारच्या दोन बायका काही तरी निमित्त काढून येऊन जातात. बाप एकदाच विचारतो, "तिकडं किती खणलं?" पोरगा हात पसरून लांबी दाखवतो. बाप वावराकडे हात करतो.

पाचव्या दिवशी आई साडेआठला तिसरी हाक मारते.

छावणीचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र जोरात असतो. पहिल्या आठवड्यात त्यावर संकल्प येतात : दर रविवारी प्रत्येकाने आपल्या गावात दोन तास श्रमदान. दुसऱ्या आठवड्यात फोटो येतात, पण छावणीतलेच. मृग निघाला की कोकणातला भातलावणीच्या तयारीत गडप होतो, विदर्भातला पेरणीत, आणि पुण्याची मंडळी पावसाचे व्हिडिओ टाकून "तुमच्याकडे पडला का?" विचारत राहतात. दिवाळीला पुन्हा भेटायचं असं ठरतं. धाडच्या पोराने सर्वांना आपल्या गावी बोलावलं आहे. दिवाळीच्या सुमारास कपाशी फुटलेली असते, वेचायला माणसं मिळत नाहीत, आणि वेचताना रांगेतच बोलत पुढे जायचं असतं, असं त्याने फार गोड शब्दांत लिहिलं आहे. निरोप सर्वांनी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतात. मुंबईच्या एकीने विचारलं आहे की कापूस वेचताना हातमोजे चालतात का. सांगलीच्या गड्याने आपल्याकडे ऊसतोड त्याच वेळी सुरू होते असं कळवून उलट आमंत्रण दिलं आहे. वाद मिटेना म्हणून शेवटी समन्वयकाने मधला मार्ग काढला : ठिकाण लोणावळा, दोन दिवस, माणशी वर्गणी, आणि श्रमदान ऐच्छिक.